अंगणातली सायकल आणि रस्त्यावरची सरळ रेघ

या महिन्याचा विषय पाहून काहींना हसू येईल. आम्हालाही आले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा पुण्यात शिकणारा भाचा हदगावला आला, तेव्हा त्याच्या सामानात एक लांबट गाठोडे होते. सोडून पाहिले तर लोखंडी चौकट आणि तिच्यात फिरणारे तीन गोल नळकांडे. दादीजान म्हणाल्या, "हे काय, रसवंतीचे यंत्र आणले की काय?" खरोखरच ते तसेच दिसत होते. भाच्याने सांगितले, हा सायकलचा रोलर. यावर सायकल ठेवायची आणि चालवायची. सायकल जागेवरच राहते.

"मग चालवून कुठे जायचे?" दादीजानचा पुढचा प्रश्न.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला दोन महिने लागले. ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण ते आमच्या घरापुरते नाही. ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा रोज सायकलवर शाळेला जातो, त्या प्रत्येक घराचे ते आहे.

आधी घरातली अडचण सांगतो. आमच्या धाकट्या भावाची मुलगी यंदा दहावीत गेली. शाळा चार किलोमीटरवर. त्यातला थोडा भाग मोठ्या रस्त्याने जावा लागतो. हदगाववरून नांदेडकडे आणि पलीकडे उमरखेड-यवतमाळकडे जाणारा हा रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, तशी गाड्यांची गतीही वाढली. पावसाळ्याआधी एके दिवशी मागून ट्रकचा हॉर्न वाजला. मुलीने दचकून उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, हँडल आपोआप उजवीकडे वळले आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे सरकली. अल्लाहचे शुक्र, ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. मुलगी घाबरून डावीकडे वळली आणि कडेच्या काळ्या मातीत पडली. कोपर सोलले, बाकी काही नाही. पण तिच्या अब्बूने त्याच संध्याकाळी सायकलला कुलूप लावले.

आता कुलूप लावणे सोपे असते. त्यानंतरचा हिशोब अवघड असतो. ऑटोचे महिन्याचे पैसे. ऑटो आला नाही त्या दिवसाची गैरहजेरी. आणि दहावीनंतर कॉलेज आणखी लांब, म्हणून "आता राहू दे" हे कुणीतरी हळूच बोलणार. आमच्या मराठवाड्यात मुलीचे शिक्षण बहुधा शाळेच्या दारात थांबत नाही, शाळेच्या वाटेवर थांबते. शासनाने मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या, त्या याच वाटेसाठी.

भाचा आला तो या कुलपानंतर आठ दिवसांनी. सगळे ऐकून तो म्हणाला, "बडे अब्बा, बाजीला सायकल येते, पण सरळ चालवता येत नाही. आपल्यापैकी कुणालाच येत नाही. रस्ता रुंद असतो म्हणून कळत नाही." आम्ही जरा रागावलो. चाळीस वर्षे सायकल चालवली आहे. त्याने रोलर अंगणात मांडला आणि म्हणाला, "बसून पाहा." आम्ही बसलो. तीन सेकंदांत आम्ही खाली होतो.

ही गोष्ट नेमकी काय आहे, ते समजून घेऊ.

रोलरला तीन नळकांडी असतात. मागची दोन जवळजवळ असतात, त्यांच्या मधल्या खाचेत सायकलचे मागचे चाक बसते. तिसरे पुढे असते, त्यावर पुढचे चाक टेकते. मागच्या एका नळकांड्यापासून पुढच्यापर्यंत एक पट्टा असतो. आपण पायडल मारले की मागचे चाक फिरते, ते नळकांडे फिरवते, पट्टा पुढचे नळकांडे फिरवतो आणि त्यावर पुढचे चाकही फिरू लागते. सायकलला धरून ठेवणारे काहीही नसते. तोल आपला आपण सांभाळायचा. व्यायामशाळेतली सायकल किंवा मागचे चाक शिकंज्यात घट्ट पकडणारा ट्रेनर ही वेगळी साधने. त्यांवर पायांचा आणि दमाचा व्यायाम होतो, तोलाचा होत नाही.

तो पट्टा दिसायला किरकोळ, पण सगळी किमया त्याच्यात आहे. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो. चाक डावीकडे सरकते आणि पडणाऱ्या अंगाच्या खाली पुन्हा आधार येतो. उजवीकडे कलली की उजवीकडे. सायकल चालवणे म्हणजे दर क्षणी थोडे पडणे आणि दर क्षणी सावरणे. आता पट्टा निघाला तर पुढचे चाक थांबते. थांबलेले चाक कितीही वळवा, ते बाजूला सरकत नाही, आणि माणूस आडवा होतो. म्हणून रोलरवर बसण्याआधी पट्टा जागेवर आहे ना, हे रोज पाहायचे.

बरेच जण म्हणतात, सायकल उभी राहते ती चाके भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून. शाळेत आम्हीही हेच ऐकले होते. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे तपासले. त्याने सायकलला उलटे फिरणारे जादा चाक जोडले, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम एकमेकांत मिटून जावा. तरीही ती सायकल चालवता आलीच. २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन अशी सायकल बनवली की तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नव्हता आणि पुढच्या चाकाची ती नेहमीची मागे ओढली जाण्याची रचनाही नव्हती. तरी ढकलून दिल्यावर ती माणसाशिवाय स्वतःला सावरत पुढे गेली. कलली की त्या बाजूला वळते, हे ज्या सायकलला जमते ती उभी राहते. एवढे आपल्या कामाचे.

मग रोलरवर इतके अवघड का जाते? तीन कारणे आहेत. पहिले, जागा. नळकांड्याची रुंदी साधारण हातभर. रस्त्यावर आपली सायकल इकडे तिकडे वीतभर डुलते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. रोलरवर तेच डुलणे काठापर्यंत नेते. दुसरे, डोळे. रस्त्यावर झाडे, खांब, घरे मागे सरकतात आणि त्यातून तोलाची खबर मिळत राहते. अंगणात समोरची भिंत जागची हलत नाही. तिसरे, भीती. भीतीने हात हँडलला आवळतात, आणि आवळलेला हात बारीक सावरणे करू शकत नाही, एकदम मोठा झटका देतो.

या भीतीबद्दल एक सांगायला हवे. आमच्या दादीजानला वाटले, मुलगी रोलरवरून सुटली तर सुसाट भिंतीवर जाईल. तसे होत नाही. ताशी २५ किलोमीटरचा आकडा दिसत असला तरी धावत असतात ती फक्त चाके. माणूस आणि सायकलची चौकट थांबलेलीच असते. दोन चाकांच्या कडांचे वजन दोन-अडीच किलो आणि माणसासकट सायकलचे साठ-सत्तर किलो. तेवढ्याशा फिरत्या वजनात सगळ्यांना पुढे फेकण्याइतका जोर नसतो. सायकल खाली उतरली की एखादे पाऊल पुढे सरकते आणि बाजूला पडते. पडण्याचा धोका खरा आहे, पण तो बाजूचा आहे, समोरचा नाही. म्हणून बाजूला काय आहे ते आधी पाहा. आमच्या अंगणात बाजूला पाण्याचा दगडी हौद होता. रोलर तिथून हलवला.

हे सगळे ऐकून आमच्या भावाचा प्रश्न सरळ होता, "यावर शिकून रस्त्यावर काही फरक पडतो का?" यावर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या तीन संशोधकांचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले काम उपयोगी आहे. त्यांनी १४ माणसांना रोलरवर सायकल चालवायला लावली. निम्मे तरबेज, निम्मे साधे. गती ताशी साडेतीन ते पंचवीस किलोमीटरपर्यंत. हँडल किती वळते, सायकल किती कलते, अंग किती झुकते, सगळे यंत्रांनी मोजले. अगदी हळू गतीला तरबेज आणि साधे यांच्या तोलात फरक दिसला नाही. गती वाढली तसा फरक दिसू लागला. तरबेज माणूस हँडल कमी वळवत होता आणि अंगाच्या बारीक झुकण्याने तोल साधत होता. साधा माणूस हँडलशी झगडत होता.

याचा अर्थ आमच्यासारख्यांना दोन गोष्टी सांगतो. हळू चालवताना सायकल डगमगते तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, तिथे सगळेच डगमगतात. आणि शहाणा सायकलस्वार हाताने कमी काम करतो. आमच्या मुलीची चूक नेमकी उलटी होती. मान वळली की खांदा वळायचा, खांदा वळला की हात, हात वळला की हँडल. डोक्याने मागे पाहायचे आणि हात जागेवर ठेवायचे, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. आपल्याकडे सायकल शिकवणे म्हणजे मागून कॅरिअर धरून पळणे आणि मग सोडून देणे. पडली नाही म्हणजे आली.

पुढचे सहा आठवडे अंगणात काय केले, ते क्रमाने सांगतो. ज्यांच्याकडे असे साधन येईल त्यांना उपयोग होईल.

सुरुवात दाराच्या चौकटीत. रोलर असा मांडला की बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना चौकट हाताला लागेल. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तिच्यावर लोखंडी चौकट घसरते. खाली जुने रबरी पायपुसणे टाकले. रोलरवर सायकल जमिनीपेक्षा उंच होते, पाय खाली टेकत नाही, म्हणून चढा-उतरायला शेजारी एक मजबूत पाट ठेवला. पुढचे नळकांडे सायकलच्या लांबीप्रमाणे पुढेमागे करता येते. ते पुढच्या चाकाच्या आसाच्या जवळपास खाली येईल असे, सोबतच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे लावले. टायरमधली हवा पुरेशी भरली आणि टायर पुसून घेतले. आपली काळी माती टायरच्या खाचांत बसते आणि नळकांड्यावर सगळीकडे उडते.

पहिला आठवडा एक हात चौकटीवर, एक हँडलवर. पाय थांबवायचे नाहीत, एकसारखे फिरवायचे. नजर चाकाकडे नाही, समोर दहा-बारा फुटांवर. आम्ही भिंतीवर खडूने एक फुली मारली. कोपरे सैल. मदत करणारा बाजूला उभा, हात पाठीजवळ तयार, पण हँडलला हात लावायचा नाही. थांबताना ब्रेक करकचून दाबायचा नाही. पायडल थांबवायचे, चौकट धरायची, पाटावर पाय. एका वेळी पाच-सात मिनिटे पुरे.

दुसऱ्या आठवड्यात चौकटीचा हात सुटला. त्या दिवशी तिची अम्मी स्वयंपाकघरातून पोळी लाटायची सोडून आली होती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक हात क्षणभर उचलणे, मग वळण्याचा इशारा देतात तसा बाजूला करणे. पाचव्या आठवड्यात खरी परीक्षा. मागे भाचा उभा राहायचा आणि बोटे दाखवायचा. मुलीने उजव्या खांद्यावरून पाहून बोटांचा आकडा सांगायचा आणि सायकल नळकांड्याच्या मध्यावरच राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी ती चार वेळा उजव्या काठावर गेली. हीच ती चूक, जी रस्त्यावर ट्रकपुढे झाली होती. रस्त्यावर ती दिसायला एक ट्रक लागला, अंगणात ती डोळ्यांपुढे दिसत होती. दोन आठवड्यांनी ती आकडा सांगायची आणि चाक जागचे हलायचे नाही.

सावधगिरीच्या काही गोष्टी आयाबहिणींनी मनावर घ्याव्यात. फिरती नळकांडी, पट्टा आणि साखळी यांच्याजवळ ओढणी, दुपट्टा, बुरख्याचा घोळ, सलवारची सैल मोहरी जाता कामा नये. ओढणी अंगाला गुंडाळून मागे गाठ मारावी, पायाच्या मोहरीला रबर किंवा क्लिप लावावी. हा नियम रस्त्यावरच्या सायकलला आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटलाही तितकाच लागू आहे. रोलर चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, त्यांची बोटे पट्ट्याकडेच जातात. वारा लागत नसल्याने घाम फार येतो, तेव्हा पंख्याखाली बसावे, आणि जवळ पाणी असावे. ज्यांना चक्कर येते, गुडघे दुखतात किंवा वय झाले आहे त्यांनी तोलाचा हा खेळ खेळू नये. त्यांना जागेवरची पक्की सायकल बरी. आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप कापून रोलर बनवण्याचा विचार असेल तर पाइप पूर्ण गोल आणि बेअरिंग सरळ बसलेले असले पाहिजे. जरा वाकडा पाइप सायकलला सारखा उसळवतो.

आता दादीजानच्या प्रश्नाकडे. जागेवर चालवून कुठे जायचे? शर्यतीवाले सायकलस्वार स्पर्धेआधी अंग गरम करायला रोलरच वापरतात. पुण्याच्या बालेवाडीत आहे तशा सायकलींच्या उतरत्या गोल धावपट्टीवर ज्या सायकली धावतात, त्यांना ब्रेकच नसतो. तिथे हाताचा एक झटका शेजारच्याला पाडतो, म्हणून सरळ रेघ हाच तिथला पहिला धडा. आपल्या महाराष्ट्रातून लांब पल्ल्याचे मोठे सायकलस्वार निघाले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आमच्या मुलीला अमेरिका ओलांडायची नाही. तिला चार किलोमीटर जायचे आहे आणि परत यायचे आहे. पण मागून गाडी येत असताना सरळ रेघेत राहणे तिलाही तितकेच लागते.

या काळात घरात एक वेगळाच सूर निघाला. नात्यातल्या एक खाला आल्या होत्या. पोरीला अंगणात सायकल चालवताना पाहून खूश झाल्या. म्हणाल्या, "हे बरे झाले. हौस घरातच फिटली. आता बाहेर जायची गरज नाही." बोलणे प्रेमाचे होते. पण मुलीचे पाय पायडलवर थांबले, ते आम्ही पाहिले. आम्ही खालांना म्हणालो, "खाला, विहिरीत दोर बांधून पोहायला शिकवतो ते दोरासाठी नाही. हे अंगण तिच्यासाठी तो दोर आहे." खाला काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र त्यांनी रोलरची किंमत विचारली. काही हजार रुपये, असे आम्ही सांगितले आणि हेही सांगितले की घरोघरी घेण्याची ही वस्तू नाही. एका शाळेत किंवा एका मोहल्ल्यात एक असला तरी पन्नास मुले शिकतील.

आणि रोलर काय शिकवत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रेक कसा मारावा, खड्डा कसा चुकवावा, वळणावर कसे झुकावे, पावसात ओल्या रस्त्यावर काय करावे, मोठी गाडी बाजूने गेल्यावर येणारा वाऱ्याचा झोत कसा सोसावा, यातले काहीच तिथे नाही. ते रस्त्यावरच शिकावे लागते, मोठ्या माणसाने सोबत राहून. आणि कितीही सरळ चालवणारी मुलगी असली तरी जिथे सायकलला कडेची जागाच नाही, तिथे चूक मुलीची नसते. शाळेच्या वेळी गाड्यांनी हळू जावे, कडा साफ असाव्यात, हे मागणे पालकांनी एकत्र येऊन करायचे आहे. मुलाला तोल शिकवणे हे आपले काम, रस्त्याला तोल आणणेही आपलेच काम. एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पहिले आठ दिवस मुलगी ऑटोने गेली. नवव्या दिवशी, जुम्याच्या सकाळी, फजरनंतर आमच्या भावाने कुलूप काढले. स्वतःची सायकल घेतली आणि तिला पुढे ठेवून मागे निघाला. आम्ही दारात उभे. गावाबाहेरच्या लहान रस्त्याने ते गेले. अर्ध्या तासाने परत आले. भावाने सायकल लावली, हातपाय धुतले आणि चहा घेताना एवढेच म्हणाला, "मी मागून तीन वेळा हाक मारली. तिन्ही वेळा तिने मागे पाहिले. सायकल रेघेवरून हलली नाही."

मग तो बाजारात जाऊन हँडलला लावायचा आरसा आणि मागे लावायचा लाल दिवा घेऊन आला. मोठ्या रस्त्याचा तुकडा अजून तो तिच्यासोबत जातो. आणखी किती दिवस जाईल, हे त्याने सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेले नाही. कुलूप मात्र आता रात्रीच लागते, चोरासाठी.

दादीजान रोज दुपारी रोलरवर गव्हाचे पोते टेकवून ठेवतात. भाच्याला फोनवर सांगू नका.